लाल गोळीची जन्मकथा

यंदाच्या स्मरणिकेत प्रत्येकीने घरच्या आरोग्याविषयी काहीतरी लिहावे असे आपल्या बैठकीत ठरले. कुणी सुंठीचा काढा घेतला, कुणी मेथीचे लाडू घेतले, कुणी सूर्यनमस्कार घेतले, आणि माझ्या वाट्याला काही उरलेच नाही. म्हणून मी गोळी घेतली. आशाताई घरोघर देतात ती लाल गोळी. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण माझी भाची परिचारिकेचा अभ्यास करते. तिने आपली पुस्तके माझ्यापुढे ठेवली व जे समजले नाही ते समजावून सांगितले. तेव्हा कळले की या गोळीची निम्मी कथा आपल्या मुंबईत, परळला घडलेली आहे, आणि तीही एका बाईच्या हातून.

या गोळीत दोन जिन्नस असतात. एक लोह आणि दुसरे फॉलिक ॲसिड. लोहाचे औषध फार जुने. पांडुरोगावर मंडूर व लोहभस्म देण्याची रीत आपल्याकडे वैद्यांना पूर्वीपासून माहीत होती. त्याविषयी मी अधिक लिहीत नाही. दुसऱ्या जिनसाची हकीकत मात्र शंभर वर्षांच्या आतली आहे.

त्या काळी गरोदर बायकांना एक विचित्र आजार होई. दिवस भरत आले की बाई पांढरीफटक पडे, पायांवर सूज येई, चार पावले चालली की धाप लागे. पुष्कळ जणी बाळंतपणात किंवा त्यानंतर थोड्या दिवसांत दगावत. डॉक्टर लोह देत, पण या आजारात त्याचा उपयोग होत नसे. मार्गारेट बाल्फर नावाच्या डॉक्टरीणबाई हिंदुस्थानात बायकांच्या दवाखान्यांचे काम पाहत असत. त्यांच्या सूचनेवरून १९२८ साली लंडनहून ल्यूसी विल्स या डॉक्टरीण मुंबईस आल्या व परळच्या हाफकिन संस्थेत कामाला लागल्या. त्यांचा जन्म १८८८ चा, म्हणजे तेव्हा वय चाळीस. आपल्यापैकी बहुतेकींचे आज जे आहे तेच! केंब्रिजला त्यांनी आधी वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकले होते, आणि डॉक्टर झाल्या त्या १९२० साली, बत्तिशीत.

मला या बाईंचे सर्वांत कौतुक वाटले ते यासाठी की त्यांनी नुसते रक्त तपासले नाही. बाई काय खाते, कशी राहते, हे विचारले. डॉ. तळपदे यांच्यासह त्यांनी मुंबईतल्या बायकांच्या खाण्याची व राहणीची पाहणी केली आणि ती १९३० साली छापली. गिरणीत काम करणाऱ्या बायकांकडे त्यांचे विशेष लक्ष होते. गरीब मुसलमान कुटुंबांतल्या बायकांत हा आजार जास्त दिसे, आणि त्यांच्या जेवणात जीवनसत्त्वांची मोठी उणीव आढळली. म्हणजे दोष जातीचा नव्हे, हवेचा नव्हे, बाईच्या नाजूक प्रकृतीचाही नव्हे. दोष ताटाचा होता.

इथे मला माझ्या पणजीची आठवण होते. ती लालबागला राहत असे आणि गिरणीत रिळिंग खात्यात कामाला होती. चौथ्या बाळंतपणात ती गेली. माझी आजी तेव्हा तीन वर्षांची. आजी सांगे, "आई पांढरी पडत गेली, अंगात रक्तच उरलं नाही." घरात म्हणत की दृष्ट लागली. दुपारचा डबा म्हणजे भात नि मिरचीचा ठेचा, आणि भाजी उरली तर! ती उरत नसे, कारण आधी पुरुष जेवत, मग मुले, मग ती. विल्सबाईंची पाहणी वाचताना मला वाटले, या बाई आमच्याच चाळीतून जाऊन आल्या की काय.

पुढे त्यांनी उंदरांवर प्रयोग केले. गरीब बायकांसारखाच आहार उंदरांना दिला आणि उंदीर फिके पडले. पण नंतर उमगले की त्यांच्या फिकेपणाला उवांमधून आलेले जंतू कारण होते. इतक्या खटपटीवर पाणी पडले, तरी बाई थांबल्या नाहीत. मग माकडांवर प्रयोग केले. ते फिके पडल्यावर त्यांना मार्माइट दिले आणि माकडे सुधारली. मार्माइट म्हणजे बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टचा अर्क; काळा, चिकट नि चांगलाच खारट. विलायतेत तो पावाला लावून खातात. तेव्हा तो स्वस्त होता, आणि ही गोष्ट महत्त्वाची, कारण पोटभर यकृत खायला घालण्याचा जो उपाय तेव्हा नवा निघाला होता तो आपल्या गरिबांना परवडता ना. मुंबईच्या आजारी बायकांना मार्माइट दिल्यावर त्यांचे रक्त भराभर वाढू लागले. १९३१ साली विल्सबाईंनी हे ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले.

यीस्टमध्ये नेमके काय आहे हे मात्र कुणास ठाऊक नव्हते. म्हणून त्याला पुष्कळ वर्षे 'विल्स फॅक्टर' असेच म्हणत. १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालकाच्या भाजीतून एक द्रव्य वेगळे काढले. लॅटिनमध्ये पानाला 'फोलियम' म्हणतात, त्यावरून त्याचे नाव फॉलिक ॲसिड. चार टन पालक कुणी निवडला असेल, असा पहिला प्रश्न माझ्या मनात आला! पुढे १९४५ च्या सुमारास ते प्रयोगशाळेत बनवण्यात आले, आणि ज्या अमेरिकन कंपनीत हे झाले तेथे संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. तरुणपणी संग्रहणीने त्यांना स्वतःला बेजार केले होते, आणि पुढे या औषधाचा संग्रहणीवरही उपयोग झाला.

भाचीने सांगितले ते असे: रक्तातल्या तांबड्या पेशी हाडांच्या मगजात सतत नव्याने होत असतात. फॉलिक ॲसिड कमी पडले की पेशी नीट दुभंगत नाहीत. मोठ्या, अर्धवट पेशी तयार होतात. लोह कमी पडले तर पेशी लहान व फिक्या होतात. पोटात बाळ असले म्हणजे दोन्ही जास्त लागतात. म्हणून गोळीत दोन्ही.

१९९१ साली आणखी एक शोध लागला. सात देशांत केलेल्या चाचणीत असे दिसले की ज्या बायकांना आधी पाठीच्या कण्यात किंवा मेंदूत दोष असलेले मूल झाले होते, त्यांनी दिवस राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास पुढच्या वेळी तो दोष सुमारे ७२ टक्क्यांनी कमी होतो. हा कणा पहिल्या चार आठवड्यांतच बंद होतो. तोवर कित्येक मुलींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून आपल्या लेकीसुनांना ही गोळी लग्नानंतर लगेच विचारून सुरू करायला सांगावी, असे भाचीचे म्हणणे. मलाही ते पटते.

आपल्या देशात सरकारने १९७० पासून गरोदर बायकांना लोह व फॉलिक ॲसिड देण्याची योजना चालू केली. २०१८ मध्ये 'ॲनिमिया मुक्त भारत' आले. लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. किशोरवयीन मुलींना आठवड्याला एक निळी. इतके असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५७ जणींना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ५३ होता. वाढला! गोळी आहे, पण ती फडताळात आहे असे मला दिसते. शौचास काळे होते, मळमळते, म्हणून बाया दोन दिवसांत सोडून देतात. काळे होणे हे लोहामुळे असते, त्यात भिण्यासारखे नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. चहाबरोबर मात्र कधी घेऊ नये. चहा लोह शोषू देत नाही. निदान तासाभराचे अंतर ठेवावे, आणि कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी. लिंबू, आवळा जेवणात असला तर लोह चांगले अंगी लागते. पालेभाजी शिजवून पाणी ओतून देण्याची खोड फॉलिक ॲसिडच्या मुळावर येते. भाजी थोड्या पाण्यात शिजवावी. मोड आलेली मटकी, मूग यांत ते भरपूर असते.

गेल्या तपासणीत आपल्या मंडळातल्या कित्येकींचे आकडे १२ च्या खाली निघाले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यात पोरसवदा सुनाही होत्या आणि आमच्यासारख्या चाळिशीतल्याही. गोळ्या मंडळाच्या खोलीत आलेल्या आहेत. डबा खिडकीजवळच्या कपाटात वरच्या फळीवर आहे आणि किल्ली माझ्याकडे असते. दुपारी कधीही या.