जीपचा वंशविस्तार

ग्वाल्हेरच्या रस्त्यांवरून हल्ली उंच बांध्याच्या, रुंद चाकांच्या मोटारी डौलाने जाताना दिसतात. लोक त्यांना 'एसयूव्ही' म्हणतात. मोटारींची ही जात मूळची अमेरिकेची. तिच्यातील मध्यम आकाराची एक नामांकित गाडी म्हणजे 'जीप ग्रँड चेरोकी'. २०२२ साली पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यात तिची जुळणी सुरू झाली. आज वैभवाचे लक्षण ठरलेल्या या गाडीचा मूळपुरुष मात्र अगदी साधा, किंबहुना ओबडधोबडच होता.

१९४० साली अमेरिकन सैन्याला हलकी, काटक आणि वाट नसलेल्या मुलखात चालणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या लहानशा कंपनीने त्याच वर्षी सप्टेंबरात पहिला नमुना करून दिला. पुढे विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. साध्या मोटारीत एंजिनची शक्ती दोनच चाकांना मिळते. ती चिखलात रुतली की गाडी अडलीच. जीपमध्ये ती शक्ती चारही चाकांना देता येते. तिचे सारे यश या एका गोष्टीत होते.

युद्ध संपल्यावर या शिपायाला संसारी करण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९४६ साली विलिसने पोलादी अंगाची, कुटुंबाला सोयीची जीप काढली. १९६२ मध्ये 'वॅगोनियर' आणि १९७४ मध्ये 'चेरोकी' आली. १९८४ च्या चेरोकीत वेगळी चासी न ठेवता ती अंगाशीच एकजीव केली होती. त्यामुळे वजन घटले आणि गाडी आटोपशीर झाली. दरम्यान १९७५ साली अमेरिकेत मोटारींच्या इंधनखर्चावर कायद्याने मर्यादा आली; परंतु अशा गाड्यांची गणना हलक्या मालमोटारींत होत असल्याने त्यांना सवलत मिळाली. कारखानदारांनी या सवलतीचा पुरेपूर लाभ उठविला.

१९९२ च्या जानेवारीत डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात पहिली ग्रँड चेरोकी काचेची तावदाने फोडून आत आली! जुन्या जीपच्या पाट्यांच्या जागी तिला चारही चाकांवर गुंडाळीच्या स्प्रिंगा होत्या. बैठक मऊ होती. तिची आखणी अमेरिकन मोटर्सने आरंभिली होती. परंतु १९८७ साली ती कंपनीच क्रायस्लरने विकत घेतली. विलिसपासून आजच्या स्टेलांटिसपर्यंत धनी अनेक झाले. जीप हे नाव मात्र टिकून राहिले.

या वंशाची एक शाखा आपल्या देशातही रुजली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांतच महिंद्र बंधूंच्या कंपनीने मुंबईत माझगाव येथे विलिस जीपची जुळणी सुरू केली. कलेक्टर, पोलीस, पाटबंधाऱ्यांचे एंजिनियर आणि निवडणुकीचे उमेदवार या सर्वांचे ते वाहन झाले. खेड्यात जीपची धूळ दिसली, की सरकार आले असे लोक समजत.

ग्वाल्हेरच्या उत्तरेस भिंड आणि मुरैना जिल्ह्यांत चंबळेने व तिच्या उपनद्यांनी मऊ माती कापून बेहडांचे जाळे विणले आहे. बेहडाच्या काठापर्यंत जीप जाते. आत मात्र खोल घळी आणि अरुंद पायवाटाच आहेत. डाकू मानसिंगाचा पाठलाग वर्षानुवर्षे चालला. १९५५ साली तो मारला गेला, तरी डाकूंचा प्रश्न सुटला नाही. १९६० च्या मे महिन्यात विनोबा भावे या मुलखात आले, ते पायी. वीस डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. १९७२ च्या एप्रिलमध्ये जौरा येथे जयप्रकाश नारायण यांच्या उपस्थितीत त्याहून कितीतरी अधिक जणांनी तोच मार्ग धरला.

यावरून यंत्र निरुपयोगी ठरते, असे मुळीच नव्हे. पावसाळ्यात बेहडाकाठच्या गावातून रुग्णाला रुग्णालयात न्यायचे, तर चार चाकांचे ते बळ आजही मोलाचे आहे. २००२ साली नाशिकला तयार होऊ लागलेल्या स्कॉर्पिओने वेगळ्या चासीची जुनी रीत राखली, तीही खडबडीत वाटेचे ओझे सोसण्यासाठीच. परंतु जी गाडी वाट नसलेल्या मुलखासाठी जन्माला आली, ती आज बहुधा गुळगुळीत डांबरी रस्त्यावरून एकट्या माणसाला बाजारात नेताना दिसते. मोठ्या गाडीचे इंधन, तिने अडविलेली जागा आणि तिची किंमत यांचा हिशेब करताना, तिच्या चार चाकांना आपल्याजवळ काम तरी कोणते आहे, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारणे बरे.