स्वस्त जमिनीची किंमत : त्रावणकोरमधून मलबारकडे झालेले शेतकरी कुटुंबांचे स्थलांतर

प्रस्तावना

भारतातील अंतर्गत स्थलांतराचा विचार करताना दुष्काळ, फाळणी, औद्योगिक शहरांचे आकर्षण ही कारणे प्रामुख्याने पुढे येतात. यांहून वेगळ्या स्वरूपाचे एक स्थलांतर विसाव्या शतकात केरळमध्ये घडून आले. ज्यांच्याजवळ थोडीबहुत जमीन होती अशा कुटुंबांनी ती विकली आणि त्याच पैशात अनेक पट जमीन मिळेल अशा शेजारच्या राज्यात आपले बिऱ्हाड हलविले. १९२० च्या दशकात तुरळक प्रमाणात सुरू झालेला हा ओघ १९४० च्या दशकात वाढला व १९७० च्या सुमारास ओसरला. मल्याळम भाषेत यास 'कुटियेट्टम' म्हणजे जाऊन वसणे असे म्हणतात. त्रावणकोर हे त्या वेळी संस्थान होते, तर मलबार हा मद्रास इलाख्यातील ब्रिटिश जिल्हा होता. म्हणजे ही कुटुंबे केवळ गाव नव्हे, तर राज्य, कायदा आणि जमीनधारणेची पद्धतही बदलत होती. हे स्थलांतर का घडले, मलबारमधील जमीन स्वस्त का होती आणि त्या स्वस्ताईची किंमत कोणी मोजली, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

त्रावणकोरमधील परिस्थिती

त्रावणकोरच्या शेतकऱ्यास जमिनीचा बाजार नवा नव्हता. १८६५ च्या 'पाट्टम' जाहीरनाम्याने सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांना मालकी हक्क व विक्रीचा अधिकार मिळाला होता. त्यामुळे जमीन ही विकता येणारी, गहाण टाकता येणारी मालमत्ता बनली. मिरी, नारळ व पुढे रबर या नगदी पिकांनी तिचे मोल वाढविले. परंतु जमीन वाढत नव्हती आणि माणसे वाढत होती. १९०१ च्या जनगणनेत सुमारे २९.५ लाख असलेली संस्थानची लोकसंख्या १९३१ मध्ये सुमारे ५१ लाख व १९४१ मध्ये ६०.७ लाख झाली. चाळीस वर्षांत ती दुपटीहून अधिक झाली.

या वाढीस वारसा कायद्यांची जोड मिळाली. १९२५ च्या नायर कायद्याने मातृवंशीय एकत्र कुटुंबांच्या वाटण्यांचा मार्ग मोकळा झाला. सीरियन ख्रिस्ती समाजात वडिलोपार्जित जमीन मुलग्यांत विभागली जात असे. १९१६ च्या त्रावणकोर ख्रिस्ती वारसा कायद्यानुसार मुलीस मुलाच्या वाट्याचा एक चतुर्थांश किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच 'स्त्रीधन' मिळे. तरीही ते रोख स्वरूपात उभे करणे बापास जड जाई. चार मुलगे आणि तीन मुली असलेल्या घरात पाच एकरांचे काय होणार, हा प्रश्न मीनच्चिल, चंगनाश्शेरी, तोडुपुळा, मूवाट्टुपुळा या भागांतील असंख्य कुटुंबांपुढे उभा होता.

१९३० च्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. १९३८ मध्ये त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बुडाली व अनेकांची ठेव गेली. दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्याने तेथून येणारा तांदूळ बंद झाला. निम्म्याहून अधिक तांदूळ बाहेरून आणणाऱ्या संस्थानात अन्नटंचाई भेडसावू लागली. स्थलांतराचा ओघ याच वर्षांत वाढला, हा योगायोग नव्हे.

मलबारमधील जमीन स्वस्त का होती?

१७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहानंतर मलबार इंग्रजांकडे आला. तेथे त्यांनी 'जन्मी' या वरिष्ठ भूधारकांस जमिनीचे संपूर्ण मालक मानले. पूर्वेकडील डोंगर आणि अरण्येही यामुळे सामोतिरी, निलंबूर कोविलकम यांसारख्या मोजक्या घराण्यांच्या, तसेच देवस्थानांच्या नावावर राहिली. या अरण्यांतून त्यांस मिळणारे उत्पन्न अल्प होते. १९३० पासून अमलात आलेल्या कूळ कायद्याने जन्मींच्या अधिकारांस मर्यादा पडू लागल्या. १९४९ च्या मद्रास खासगी वनसंरक्षण कायद्याने वनजमिनीच्या विक्रीवरही निर्बंध आले. हातची जमीन उद्या राहील की नाही, अशी शंका असलेला मालक ती आज मिळेल त्या किमतीस देण्यास तयार होता. दक्षिणेकडून आलेल्या शेतकऱ्याला ती किंमत क्षुल्लक वाटत होती, तर जन्मीला ते अनपेक्षित उत्पन्न वाटत होते. तात्पर्य, मलबारमधील स्वस्ताई ही निसर्गाची देणगी नव्हती. दोन भिन्न भूधारणा पद्धती शेजारी शेजारी नांदत असल्याने ती निर्माण झाली होती.

कुटुंबाचे स्थलांतर

सामान्यतः घरातील कर्ता पुरुष एखाद्या भावास किंवा शेजाऱ्यास बरोबर घेऊन प्रथम जमीन पाहून येई. कोट्टयमपर्यंत रेल्वे आलेली नसल्याने एर्नाकुलम गाठून तेथून शोरणूरमार्गे उत्तरेकडची गाडी धरावी लागे. पुढची वाट बैलगाडीची व पायी. पहिल्या हंगामात रान तोडून जाळावयाचे, झोपडी उभारावयाची, रात्री मचाणावर बसून हत्ती व रानडुकरे हाकावयाची. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बायकामुले येत. प्रारंभी कसावा लावला जाई. तो लवकर येतो, कमी मशागतीत येतो आणि पोट भरतो. तेल काढण्यासाठी गवतीचहा लावल्यास हाती रोकड येई. मिरी, रबर व कॉफी ही सावकाश फळणारी पिके नंतरची.

पेरावूर, इरिट्टी, आलक्कोड, तिरुवंबाडी, कोडंचेरी, पुल्पळ्ळी ही नावे या वसाहतींशी जोडली गेली. स्थलांतरितांत सीरियन ख्रिस्ती बहुसंख्य असले तरी नायर व इळवा कुटुंबेही होती. चर्चनेही काही ठिकाणी संघटितपणे पुढाकार घेतला. बिशप अलेक्झांडर चुळपरंबिल यांच्या प्रेरणेने १९४३ मध्ये क्नानाय कॅथलिक कुटुंबे राजपुरम येथे वसली. १९५३ मध्ये तलश्शेरी येथे स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. नव्या गावात प्रथम प्रार्थनास्थळ, त्यालगत शाळा आणि मग श्रमदानाचा रस्ता, असा क्रम अनेक ठिकाणी आढळतो.

किंमत कोणी मोजली?

पहिली किंमत स्थलांतरितांनीच मोजली. डोंगरी भागात हिवतापाचा प्रादुर्भाव भयंकर होता. जमीन मिळाली, पण ती कसणारा माणूस गेला, असे कित्येक घरांत घडले. एस. के. पोट्टेक्काट यांच्या १९४८ च्या 'विषकन्यका' या कादंबरीचा विषय हाच आहे. सौंदर्याने मोहवून प्राण घेणारी भूमी, असा त्या शीर्षकाचा रोख आहे. महायुद्धानंतर डीडीटीची फवारणी सुरू झाली, तेव्हा कोठे हे संकट आटोक्यात आले. रान जाळण्यापासून आजाऱ्याच्या शुश्रूषेपर्यंत सर्व कष्टांत स्त्रियांचा वाटा होता. त्यांचे नाव मात्र खरेदीखतावर क्वचितच आले. १९१६ च्या कायद्याचा वारसा नियम मेरी रॉय प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६ च्या निकालानेच निष्प्रभ ठरला.

दुसरी व अधिक दीर्घकाळ टिकलेली किंमत आदिवासींनी मोजली. कागदोपत्री 'रिकामी' असलेली ही जमीन वस्तुतः रिकामी नव्हती. पणिया, कुरिच्य, काट्टुनायकन या समाजांचे जगणे तिच्यावर अवलंबून होते. फिरत्या शेतीचा, कंदमुळे गोळा करण्याचा त्यांचा हक्क कोणत्याही दस्तात नोंदलेला नव्हता. जन्मीने विकले आणि शेतकऱ्याने पैसे मोजून घेतले. या व्यवहारात दोन्ही पक्ष कायद्याने निर्दोष होते, तथापि तिसरा पक्ष उपस्थितच नव्हता. ज्यांच्याकडे काही तुकडे होते तेही कर्जापायी व फसवणुकीने गेले. हस्तांतरित आदिवासी जमिनी परत करण्याचा कायदा केरळ विधानसभेने १९७५ मध्ये केला. तो अमलात मात्र आला नाही आणि १९९९ च्या कायद्याने मूळ जमिनीऐवजी पर्यायी जमिनीचा मार्ग स्वीकारला. वायनाडमधील मुत्तंगा येथे फेब्रुवारी २००३ मध्ये जमिनीसाठी ठाण मांडून बसलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. त्या घटनेचे मूळ या इतिहासात आहे.

स्थलांतरितांचे भयही समजून घेतले पाहिजे. ज्यांच्या आजोबांनी हिवतापाशी झुंजून जमीन उभी केली त्यांच्या दृष्टीने ती केवळ मालमत्ता नव्हती. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा पश्चिम घाटविषयक अहवाल २०११ मध्ये आला व त्यापाठोपाठ कस्तुरीरंगन समितीचा. त्यानंतर २०१३ मध्ये कोळिक्कोड व कन्नूरच्या डोंगरी भागांत तीव्र आंदोलने झाली. त्यांमागे पुन्हा एकदा उठावे लागेल काय, ही भीती होती.

समारोप

१ नोव्हेंबर १९५६ रोजी केरळ राज्य अस्तित्वात आले आणि त्रावणकोर व मलबार यांमधील सीमा पुसली गेली. जमिनीच्या किमतींतील तफावतही हळूहळू कमी झाली. तथापि ही प्रक्रिया थांबली नाही, ती पुढे सरकली. केरळमधील शेतकरी कर्नाटकातील शिमोगा व दक्षिण कन्नड जिल्ह्यांत आणि अलीकडील दशकांत महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, विशेषतः दोडामार्ग परिसरात, रबर व अननसाच्या लागवडीसाठी आले. जमीन स्वस्त असलेला प्रदेश प्रत्येक पिढीने नव्याने शोधला.

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.
१. हे स्थलांतर सर्वस्वी निर्धनांचे नव्हते. ते विकण्यासारखे काही हाती असलेल्या, परंतु पुढील पिढीस ते पुरणार नाही हे ओळखलेल्या कुटुंबांचे होते.
२. त्यास लोकसंख्येइतकेच दोन्ही राज्यांतील वारसा व भूधारणाविषयक कायदे कारणीभूत होते.
३. जमिनीची स्वस्ताई ही बव्हंशी नोंद नसलेल्या हक्कांवर उभी होती. स्थलांतरितांचे कष्ट आणि आदिवासींची हानी यांपैकी एकाचाच इतिहास लिहिणे म्हणजे अर्धेच खरेदीखत वाचणे होय.