हजेरीपत्रकापासून यंत्रलेखनिकापर्यंत

आमच्या परतवाड्यात एकेकाळी इंग्रजांची छावणी होती, आणि मेळघाटचे सागवान येथेच उतरे. हजेरीपत्रक, मोजणीवही आणि मुकादमाची स्मरणशक्ती एवढ्यावर कामे चालत. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीने एक युक्ती काढली : कोणते काम रखडले की सारेच रखडते, हे गणिताने आधीच सांगायचे. तरी बैठकीचे टिपण माणसालाच लिहावे लागे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी खुले झाले, आणि तेही काम यंत्र करू लागले.

मीही एका बांधकामाच्या बैठकीचे टिपण त्याच्याकडून करवून घेतले. भाषा काय सुबक! रेतीवाला म्हणाला होता, "पायतो सोमवारी, जमलं तं." यंत्राने लिहिले, "रेती सोमवारी पोचेल." ते शब्दामागे संभवनीय शब्द ठेवीत जाते, वऱ्हाडी 'पायतो'त किती नकार दडलेला असतो, हे त्याला कुठून कळावे? मीही न वाचताच सही केली. सोमवारी मजूर आले नि रिकामे बसले. त्यांची मजुरी अखेर माझ्या खिशातून गेली.

टिपण आजही यंत्रच लिहिते. सहीपूर्वी मात्र ते मुकादमाला मोठ्याने वाचून दाखवतो.