गंज पेठेतून गेलेले निवेदन

१८८२ साली व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी विल्यम विल्सन हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. १८५४ च्या वुडच्या खलित्याने आखून दिलेले धोरण कितपत पाळले गेले आणि त्यात प्राथमिक शिक्षणाची काय अवस्था झाली, हे त्याला तपासायचे होते. आयोग इलाख्याइलाख्यांत फिरला आणि शेकडो साक्षी नोंदवल्या गेल्या. मुंबई इलाख्यातून काशिनाथ त्र्यंबक तेलंगांसारखा नामांकित विद्वान आयोगाचा सदस्य होता. साक्षीदारांत शिक्षणखात्याचे अधिकारी, मिशनरी, प्राध्यापक आणि संस्थाचालक असे त्या काळी शिक्षणतज्ज्ञ म्हणून मान्यता पावलेले लोक होते. त्यांच्या कागदांच्या ढिगाऱ्यात १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचे, पुण्याच्या जुन्या गंज पेठेतून आलेले एक निवेदन आहे. खाली सही करणाऱ्याने आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचा सभासद एवढीच दिली आहे. सही जोतीराव गोविंदराव फुले यांची आहे. आपल्याकडे शिक्षणाच्या दुखण्यावर तज्ज्ञ मतांचा तुटवडा कधीच नव्हता, असे माझे स्पष्ट मत आहे आणि हे निवेदन त्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. निदान वेळेवर झाले होते. ते करणाऱ्याला तज्ज्ञांच्या रांगेत बसवण्याची तयारी नव्हती, आणि पैशाची वाट बदलण्याची तर मुळीच नव्हती.

निवेदन वाचताना पहिल्यांदा जाणवते ती त्याची शिस्त. आपला अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे, असे फुले सुरुवातीलाच सांगून टाकतात. त्यानंतर हिशेब मांडतात. सरकारच्या तिजोरीत येणारा पैसा प्रामुख्याने रयतेच्या घामाचा आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. वरच्यांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, असे सरकार धरून चालले होते. फुल्यांचा सवाल साधा होता: इतकी वर्षे शिकून वर गेलेल्यांनी खालच्यांना शिकवण्यासाठी नेमके काय केले? इलाख्यातल्या जवळजवळ नव्वद टक्के खेड्यांत, म्हणजे सुमारे दहा लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची कसलीच सोय नाही, असे ते लिहितात. पुणे शहरात महार-मांगांची वस्ती पाच हजारांवर आणि त्यांच्या शाळेतली हजेरी तिसाच्याही आत, हेही नोंदवतात. यातून त्यांची मुख्य मागणी निघते: निदान वयाच्या बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा.

पण मागणी करून ते थांबत नाहीत, आणि या निवेदनाचे खरे मोल त्याच्या तपशिलात आहे. मास्तर प्रशिक्षित हवा आणि शक्यतो शेतकरी वर्गातला हवा. गरज पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्याला लाज वाटता कामा नये. पगार बारा रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावांत पंधरा-वीस. गावचे हिशेब तपासणे, दस्त नोंदवणे, टपाल सांभाळणे, मुद्रांक विकणे अशी कामे त्याच्याकडे दिली तर गावात त्याचे वजन वाढेल. अभ्यासक्रमात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे धडे. जमेल तिथे शाळेला जोडून लहानसे नमुना-शेत. खेड्यातला अभ्यास शहरापेक्षा थोडा कमी असला तरी चालेल, पण व्यवहारोपयोगात तो उणा पडू नये. तपासणीबद्दलही ते नेमके बोलतात. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन जातो त्याचा काडीचा उपयोग नाही, तपासणी निदान दर तिमाहीला व्हावी आणि मधूनमधून आगाऊ सूचना न देता व्हावी. शाळा चालवलेल्या माणसालाच हे सुचते. ज्या मास्तराला साहेब कधी येणार हे ठाऊक आहे, तो त्या एका दिवसापुरती शाळा सजवतो, हे फुल्यांना कुणी सांगावे लागले नव्हते.

त्याच साली पंडिता रमाबाई पुण्यात आयोगापुढे आल्या. वय अवघे चोवीस. साक्ष मराठीत दिली, तिचे इंग्रजी भाषांतर झाले. शिकलेल्या पुरुषांपैकी शंभरांत नव्व्याण्णव जण स्त्रीशिक्षणाच्या विरोधात आहेत, असे त्यांनी आयोगाला तोंडावर सांगितले. मुलींच्या शाळांसाठी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-तपासनीस नेमाव्यात, शिक्षिकांना पुरुषांपेक्षा जास्त पगार द्यावा, शाळेच्या आवारातच राहायला चांगले घर द्यावे, स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण खुले करावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. राहायच्या घराचा मुद्दा किरकोळ वाटेल. एकट्या बाईने परगावी नोकरी करायची तर रात्री डोके कुठे टेकायचे, हा प्रश्न ज्यांच्या मनात कधी उठलाच नव्हता, त्यांच्या निवेदनांत तो सापडणार तरी कसा?

आयोगाने १८८३ मध्ये अहवाल दिला. त्याने फुल्यांचे अर्धे ऐकले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शिक्षणासाठी राखलेल्या स्थानिक निधीवर जवळजवळ संपूर्ण हक्क आणि प्रांतिक महसुलावरही मोठा हक्क प्राथमिक शिक्षणाचा आहे, हे तत्त्व अहवालाने मान्य केले. मागास जातींसाठी आणि स्त्रीशिक्षणासाठी खास उत्तेजनाच्या शिफारशी केल्या. पण सक्ती नाकारली. प्राथमिक शाळा तुटपुंज्या उत्पन्नाच्या लोकल बोर्डांच्या आणि नगरपालिकांच्या गळ्यात घातल्या, आणि माध्यमिक व उच्च शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढून ते अनुदानावर खाजगी संस्थांकडे सोपवावे असा मार्ग आखला. फुल्यांनी नेमके याच माघारीविरुद्ध बजावले होते. सरकारने शाळा-कॉलेजांतून हात काढला तर शिक्षणाचा प्रसार खुंटेल, निरनिराळ्या धर्मांच्या आणि जातींच्या या देशात सरकारचा निःपक्षपातीपणा धोक्यात येईल, आणि केवळ स्वावलंबनाच्या भावनेवर कोणी कॉलेजे चालवील ही अपेक्षा टिकणारी नाही, असे त्यांनी लिहिले होते. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळत गेली. पुढे शुल्क, देणग्या आणि प्राध्यापकांच्या थकलेल्या पगारांवरून जे रण माजले, ते पाहिलेल्या वाचकाला निवेदनातला हा परिच्छेद वेगळ्या नजरेने वाचावा लागेल.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा. १८८२ च्या हिंदुस्थानात सक्ती म्हणजे दिवास्वप्न होते, सरकारकडे पैसा नव्हता, त्यामुळे आज मागे वळून आयोगाला दोष देणे सोपे आहे, असे म्हटले जाते. यात थोडे तथ्य आहे. खुद्द इंग्लंडमध्येही शाळेची सर्वत्र सक्ती १८८० मध्ये, म्हणजे अवघी दोन वर्षे आधी आली होती. पण मग हिंदुस्थानी संस्थानांचे काय? सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ती साऱ्या बडोदे संस्थानाला लागू केली. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. ही संस्थाने इंग्रज सरकारपेक्षा श्रीमंत नव्हती. सरकारकडे पैसा होता, तो लष्कराकडे आणि प्रशासनाकडे जात होता. फर्ग्युसन कॉलेजात शिकवलेले गोपाळ कृष्ण गोखले १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक घेऊन केंद्रीय कायदेमंडळात उभे राहिले. त्यांनी मागितलेली सक्ती अगदी मर्यादित होती, स्थानिक संस्थांच्या मर्जीवर सोडलेली होती, तरी १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. फुले हे एका पक्षाचे लढवय्ये होते, ब्राह्मणशाहीवर त्यांचा राग होता, मग त्यांची साक्ष तटस्थ कशी मानायची? आणि ज्या उच्च शिक्षणावर त्यांनी टीका केली त्यातूनच गोखल्यांसारखी माणसे निघाली, हे कसे विसरायचे? राग होता हे खरे, आणि तो लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. पण आयोगापुढे आलेल्यांपैकी कोणाचा हितसंबंध नव्हता? खात्याच्या अधिकाऱ्याला आपल्या खात्याची अब्रू राखायची होती, मिशनऱ्यांना आपल्या शाळांना अनुदान हवे होते, संस्थाचालकांना मान्यता हवी होती. साक्षीची पारख तिच्यातल्या तपशिलावर करावी, आणि त्या कसोटीला फुल्यांचे निवेदन पुरेपूर उतरते. उच्च शिक्षण बंद करा असे ते कुठेही म्हणत नाहीत. उलट मुंबई विद्यापीठाने घरी अभ्यास करून पदवी परीक्षेला बसण्याची मुभा द्यावी, म्हणजे गरिबाच्या मुलालाही पदवीचे दार उघडेल, अशी त्यांची मागणी होती. त्यांचे भांडण पैशाच्या वाटणीशी होते. गोखल्यांबद्दल एवढेच म्हणता येईल की कॉलेजात शिकलेल्या त्या थोर माणसाला तीस वर्षांनी जी मागणी करावी लागली, ती त्याच्याही पुढची पायरी गाठून गंज पेठेतल्या व्यापाऱ्याने आधीच लिहून ठेवली होती.

सक्तीच्या आणि मोफत शिक्षणाचा हक्क देणारा केंद्रीय कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. निवेदनाच्या तारखेपासून १२७ वर्षांनी. दरम्यान आणखी आयोग झाले, आणि त्यातले काही उत्तम होते. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव, कोल्हापूर भागातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक, यांच्याइतका खेड्यातल्या शाळेचा जाणकार त्या काळात शोधून सापडला नसता. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करावा, अशी त्या आयोगाची शिफारस होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तोच सहा टक्क्यांचा आकडा पुन्हा छापला, कारण मधल्या अर्धशतकात तो गाठलाच गेला नव्हता. म्हणजे जाणकाराला अगदी आयोगाच्या सचिवपदी बसवले तरी तिजोरीची चावी दुसऱ्याकडेच राहते.

तरीही एक गोष्ट हंटर आयोगाने आजच्या समित्यांपेक्षा चांगली केली. त्याने साक्षी आणि निवेदने इलाख्यावार खंडांत जशीच्या तशी छापली. फुल्यांची शिफारस डावलली गेली, पण त्यांचा कागद टिकला, आणि म्हणून आज सरकारला जाब विचारता येतो. आपल्याकडे वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे काय करायचे, समूह शाळा काढायच्या का, कोणती भाषा कोणत्या इयत्तेपासून शिकवायची, यांवर समित्या नेमल्या जातात, बैठका होतात, अहवाल सादर होतो. त्यांच्यापुढे डोंगरातल्या द्विशिक्षकी शाळेच्या बाईंनी काय सांगितले, ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांनी काय सांगितले, हे कुणाला वाचायला मिळते? शासनाने यापुढच्या प्रत्येक शिक्षणविषयक समितीकडे आलेली सगळी निवेदने मराठीत, नावगावासह किंवा ज्याला भीती वाटते त्याच्या नावावाचून, छापून लोकांपुढे ठेवावीत. शिक्षक संघटनांनी आणि पालकांनी ही मागणी समिती नेमली जाते त्याच दिवशी करावी.