मोटारीचें पाणी

जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर परतूर तालुक्यांतील वाटूर हें गांव लागतें. वैशाखांत ह्या भागांतील विहिरी तळ गांठतात. अशा दिवसांत एखादी जुनी मोटार वाफ सोडीत रस्त्याकडेला थांबली, म्हणजे तिच्यासाठीं मागितलेलें पाणी कोणाच्या तरी पिण्याच्या घागरींतूनच यावयाचें. तें पाणी मोटारींतून जातें कोठें, ह्या प्रश्नाचें महत्त्व तेथें जितकें कळतें तितकें शहरांत कळत नाहीं.

मोटारीस पाणी लागतें तें इंजिनाची उष्णता वाहून नेण्यासाठीं. १९०१ सालच्या मर्सिडीज गाडीस विल्हेल्म मायबाख ह्या जर्मन यंत्रज्ञानें मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसविला. त्यांत ८,०७० बारीक नळ्या होत्या. १९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या ‘टी’ जातीच्या बहुतेक गाड्यांत पाण्याचा पंपही नव्हता. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढे व रेडिएटरमध्यें निवून खालीं उतरे. ही रचना उघडी असल्यामुळें थोडें पाणी वाफेवाटे जाई, आणि तें वरचेवर भरणें हा चालकाचा नित्यधर्मच होता. मराठवाडा निजामाच्या राज्यांत असतांना, १९३२ सालीं, तेथील रेल्वेनें २७ गाड्यांनिशीं प्रवासी मोटारसेवा सुरू केली, ती ह्याच काळांतली.

पुढें इंजिनाची शक्ति वाढली आणि रेडिएटरवर दाब राखणारें झांकण आलें. दाबाखालीं पाणी १०० अंश सेंटिग्रेडच्या वर गेलें तरी उकळत नाहीं. अशा बंद रचनेंत पाणी वरचेवर कमी होणें हें गळतीचेंच लक्षण होय. परंतु भर घालून पुढें जाण्याची संवय मात्र जुनीच राहिली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतील पद्मिनी मुंबईच्या टॅक्सींतून २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली. तरी तशा जुन्या गाड्या कित्येक घरीं जपलेल्या आहेत, आणि त्यांबरोबर ही संवयही.

म्हणून पाणी ओतण्यापूर्वीं छिद्र शोधावें. इंजिन तापलेलें असतां झांकण काढूं नये. उसळलेली वाफ हात-तोंड भाजून टाकते. गाडी रात्रभर कोरड्या जागीं उभी करून सकाळीं खालीं डाग पाहावा. रबरी नळ्यांच्या तोंडाशीं पांढरट थर, पंपाच्या बुडच्या छिद्रांतून ओल, पितळी सांध्यांवर हिरवट डाग, ह्या बाहेरच्या खुणा. बाहेर कांहींच न दिसतां पाणी घटत असेल, दाट पांढरा धूर येत असेल किंवा तेल दुधाळ झालें असेल, तर हेडखालचें गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा. शंका उरल्यास कारागीर थंड रेडिएटरला हातपंपानें दाब देतो. कांटा खालीं येऊं लागला कीं गळती आहे.

चिरलेली नळी बदलावी, सैल क्लिप आवळावी, पितळी रेडिएटरला डाख द्यावा, गळका पंप दुरुस्त करावा वा बदलावा. रेडिएटरमध्यें हळद टाकण्याचा उपाय रस्त्यावर प्रसिद्ध आहे. ती छिद्र बुजविते खरी, पण बारीक नळ्याही बुजविते. विहिरीच्या जड पाण्यांतील क्षारही तेंच करतात. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी व ग्लायकॉलयुक्त शीतक योग्य प्रमाणांत घालावें. हें ग्लायकॉल चवीला गोड, पण विषारी असतें. गळलेलें थारोळें कुत्र्यानें वा गुरानें चाटल्यास तें जिवावर बेततें.

फोर्डच्या काळीं पाणी भरणें हीच गाडीची निगा होती. आज गळती शोधणें ही निगा होय. तेवढें केलें, तर वाटूरच्या घागरींतलें पाणी माणसांसाठीं राहील.