केंड, गोगलगाय आणि काचेची पेटी

मार्च १८४९ मध्ये लंडनमधील एका रसायनशास्त्रज्ञाने १२ गॅलनांचे, म्हणजे सुमारे ५४ लिटरचे काचेचे पात्र घेतले. ते निम्मे पाण्याने भरले, तळाशी वाळू आणि चिखल घातला, दगड मांडले, व्हॅलिस्नेरिया या लांब, फितीसारख्या पानांच्या पाणवनस्पतीचे रोप लावले आणि दोन लहान सोनमासे सोडले. या गृहस्थांचे नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. औषधविक्रेत्यांच्या जुन्या संस्थेत ते रसायनज्ञ होते. मासा पाण्यातला प्राणवायू वापरतो आणि वनस्पती प्रकाशात तो परत देते. तेव्हा दोघांना एकत्र ठेवले तर पाणी न बदलताही संसार चालावा, असा त्यांचा तर्क होता. तर्क बरोबर होता, पण संसार चालेना. रोपाची जुनी पाने कुजली, पाणी गढूळ झाले, काचेवर बुळबुळीत थर चढला. मग वॉरिंग्टन यांनी तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून आत टाकल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली, थर खरवडला, पाणी निवळले. शिवाय त्यांची अंडी माशांना खाद्य म्हणून मिळू लागली. १८५० मध्ये त्यांनी हा वृत्तान्त रसायनशास्त्रीय सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

घरगुती मत्स्यपेटीचा इतिहास सहसा येथून सुरू करतात आणि ते योग्यच आहे. मासे भांड्यात ठेवण्याची हौस जुनी. चीनमध्ये सोनमासे शतकानुशतके पाळले जात, आणि इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांना ठाऊक असलेला सॅम्युएल पेपिस १६६५ च्या रोजनिशीत काचपात्रात जिवंत ठेवलेल्या माशांची नोंद कौतुकाने करतो. पण ते मासे माणसाने पाणी बदलले तर जगत. वॉरिंग्टन यांची पेटी स्वतःच्या बळावर जगणार होती, आणि तिचा खरा आधार सोनमासाही नव्हता नि वनस्पतीही नव्हती. तो होता गोगलगाय. 'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण आपण वरून गरीब दिसणाऱ्या लबाड माणसासाठी वापरतो. प्राणिशास्त्राने त्या वर्गाला दिलेल्या ग्रीक-लॅटिन नावाचा अर्थही नेमका 'पोटाशी पाय असलेले' असाच होतो, हे म्हण रचणाऱ्यांना कळले असते तर मौज वाटली असती.

या इतिहासाकडे आम्हांला एका बेताच्या, खरे तर नखाएवढ्या माशाच्या बाजूने पाहायचे आहे. तो गोगलगाय खातो, त्यामुळे वॉरिंग्टन यांच्या त्रिकुटात त्याला जागाच नाही.

त्याची आमची ओळख एका चुकीतून झाली. आमच्या पेटीत नव्या पाणवनस्पतींबरोबर गोगलगायींची अंडी आली आणि महिन्या-दीड महिन्यात काचा बारीक गोगलगायींनी भरून गेल्या. दुकानदाराने उपाय सांगितला, ''पी पफर घेऊन जा, आठवड्यात साफ करील.'' आम्ही दोन घेतले. गोगलगायी आठवड्यात संपल्या हे खरे. दुसऱ्या आठवड्यात गप्पींच्या शेपट्या संपल्या. तिसऱ्या आठवड्यात ते दोघे एका कोपऱ्यात पोटे आत गेलेल्या अवस्थेत तरंगत होते, आणि आम्ही टाकलेल्या कोरड्या खाद्याच्या पापुद्र्यांकडे ढुंकूनही पाहत नव्हते. त्यांतला एक गेला. दुसऱ्याच्या निमित्ताने आम्ही वाचू लागलो.

कोकण किनाऱ्यावर या कुळातल्या माशांना केंड म्हणतात. डिवचला की पोटात पाणी भरून घेऊन चेंडूसारखा फुगणारा, चोचीसारख्या दातांनी जाळी कातरणारा आणि म्हणून मच्छीमारांना नकोसा झालेला तो केंड समुद्रातला. आमचा केंड गोड्या पाण्यातला, केरळ व दक्षिण कर्नाटकातील सह्याद्रीच्या नद्यांत राहणारा आणि मोठेपणीही साडेतीन सेंटिमीटरांपलीकडे सहसा न जाणारा. या कुळाच्या शास्त्रीय नावाचा अर्थ 'चतुर्दंत'. वरच्या जबड्यात दोन आणि खालच्या जबड्यात दोन अशा चार पट्ट्या मिळून चोच होते, आणि ती आयुष्यभर वाढत राहते. मोठ्या जातींना कठीण कवच फोडायला मिळाले नाही तर चोच इतकी वाढते की तोंड उघडेनासे होते आणि पाळणाऱ्याला ती कापावी लागते. लहानग्या केंडाला जाड कवच फोडता येत नाही; तो गोगलगाय तोंड बाहेर काढीपर्यंत थांबतो आणि मऊ मांस ओढून घेतो. हे थांबणे पाहण्यासारखे असते. त्याचे दोन डोळे स्वतंत्रपणे फिरतात. एक गोगलगायीवर असतो, दुसरा आपल्यावर.

हा मासा शास्त्राच्या दप्तरात आला तो १९४१ मध्ये. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात सुंदरलाल होरा आणि के. के. नायर यांनी त्रावणकोर संस्थानातील गोड्या पाण्याच्या माशांवर लिहिताना पंपा नदीतल्या या केंडाचे वर्णन केले आणि त्याला त्रावणकोरचे नाव दिले. शबरीमलाईला जाणारे यात्रेकरू जिच्यात स्नान करतात तीच ही पंपा. त्या संस्थानाचे नाव आज नकाशावर नाही, पण जगभरच्या मत्स्यपेट्यांत ते या माशाच्या शेपटीला लटकून राहिले आहे. पुढे १९९९ मध्ये ब्रिट्झ आणि कोटेलाट यांनी त्याचा एक जुळा वाटावा असा भाऊबंद वेगळा काढला; त्याला त्यांनी 'नकल्या' अशा अर्थाचे नाव दिले.

होरा यांच्याविषयी थोडे थांबून सांगायला हवे, कारण साहित्याच्या विद्यार्थ्याला ते परके नाहीत. पंजाबात १८९६ साली जन्मलेले होरा १९४७ पासून १९५५ मध्ये मृत्यू येईपर्यंत भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे संचालक होते. पूर्व हिमालयातले मासे सह्याद्रीत कसे आले याचे उत्तर देण्यासाठी त्यांनी मांडलेला सातपुडा सिद्धान्त पुढे पुष्कळ वादग्रस्त झाला. पण त्यांच्या कामातला आम्हांला मोलाचा वाटणारा भाग वेगळा आहे. ते मासे जितक्या बारकाईने पाहत तितक्याच बारकाईने माशांविषयीचे लेखन वाचत. गंगेच्या माशांवरचा पहिला मोठा ग्रंथ फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये एडिंबरोहून प्रसिद्ध केला. त्यात बंगालच्या एका गोड्या पाण्यातील केंडाचे वर्णन आहे आणि त्याला दिलेले 'कुटकुटिया' हे नाव सरळ लोकांच्या तोंडचे आहे. हॅमिल्टन देशी नावे अशीच लॅटिनच्या पंक्तीला बसवीत. भारत सोडताना त्यांना त्यांची चित्रे बरोबर नेऊ दिली गेली नाहीत, ती कलकत्त्यातच अडकली. ग्रंथ आणि चित्रे यांची ही ताटातूट झाल्यामुळे पुढच्या अभ्यासकांचे जे गोंधळ झाले ते निस्तरण्याचे काम होरा यांनी १९२९ मध्ये केले. आपल्याकडे पाठचिकित्सा म्हणतात ती याहून फार निराळी नसते.

आणि १९५१ मध्ये होरा यांनी 'मानसोल्लासा'तील मत्स्यविनोदाच्या प्रकरणावर निबंध लिहिला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा हा ग्रंथ ११२९ च्या सुमाराचा. मराठी गीतांच्या अगदी जुन्या नमुन्यांसाठी आपण तो उघडतो आणि बहुधा तेवढ्यावरच मिटतो. राजाच्या करमणुकींत मासे गळाला लावणे ही एक करमणूक, म्हणून सोमेश्वर माशांचे प्रकार सांगतो. कोणते समुद्रातले आणि कोणते नदीतले, कोणाला खवले आहेत आणि कोणाला नाहीत, कोण मोठा, मध्यम, लहान. आणि कोणत्या माशाला काय खायला घालावे. या शेवटच्या भागाला आमच्या मते फार महत्त्व आहे. राजाला मासा मारायचाच होता, तरीही आधी तो काय खातो हे जाणून घेणे त्याला भाग होते. ज्या वर्षी होरा यांचा निबंध आला त्याच १९५१ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि काचेआडचा मासा पाहायची सवय मराठी माणसाला लागली. एका वर्षातल्या या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध अर्थातच नाही.

आता पुन्हा लंडनला जाऊ. इंग्लंडात काचेवरचा कर १८४५ मध्ये रद्द झाला होता आणि काच मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचा ग्रंथ आला आणि 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द रूढ झाला. तळे, समुद्र, निसर्ग दिवाणखान्यात बसवता येतो, या कल्पनेने त्या पिढीला वेड लावले. वॉरिंग्टन यांचा समतोल हा या वेडाचा शास्त्रीय पाया होता, आणि परमेश्वराच्या रचनेचा पुरावा म्हणूनही तो वाचला जाई. त्याची दुसरी बाजू गॉस यांच्या मुलाने लिहून ठेवली आहे. एडमंड गॉस यांच्या १९०७ च्या 'फादर अँड सन'मध्ये एक अतिशय खिन्न भाग आहे. वडिलांच्या पुस्तकांनी भारावलेले हौशी लोक समुद्रकिनाऱ्यांवर लोटले, खडकांतली डबकी त्यांनी ओरबाडून नेली आणि लहानपणी पाहिलेली ती सृष्टी पुन्हा कोणाला दिसली नाही. याचे कारण आपण झालो हे वडिलांना जाणवले होते, असे ते सांगतात. समतोलाचे पुस्तक लिहिणाऱ्याच्या हातून किनाऱ्याचा समतोल गेला. आत्मचरित्र म्हणून हा ग्रंथ शिकवताना पितापुत्रांच्या धर्मकलहावर तास खर्च होतात, या पानांवर क्वचितच. आमचीही तीच चूक झालेली आहे.

विसाव्या शतकात विजेवर चालणारे हवेचे पंप आणि गाळण्या आल्या. पाणी हलते आणि स्वच्छ ठेवण्याचे काम यंत्राने उचलले. आता पेटीत अधिक मासे मावू लागले, ते अधिक खाऊ-घालू लागले आणि उरलेल्या खाद्यावर गोगलगायी अमाप वाढू लागल्या. १८५० मध्ये जिने पेटी वाचवली तीच उपद्रव ठरली. तिच्यात तिळमात्र फरक पडला नव्हता. बदलली होती ती पेटी. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानवाहतूक आणि प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या यांमुळे उष्ण प्रदेशातले मासे जगभर हिंडू लागले आणि कालांतराने पंपेचा केंडही 'गोगलगायींवर उपाय' म्हणून दुकानांत पोचला. ज्याचे खाद्य संपले की तो मरणार, अशा प्राण्याला त्याचे खाद्य संपवण्यासाठीच विकत घ्यायचे, हा व्यवहार आम्हीही केला. इतिहास वाचण्याआधी केला एवढेच.

या व्यवहाराचा आकार लहान नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००५ ते २०१२ या काळात भारतातून ३० संकटग्रस्त जातींचे १५ लाखांहून अधिक गोड्या पाण्यातले मासे शोभेसाठी निर्यात झाले. त्यांत मोठा वाटा असलेल्या थोडक्या जातींमध्ये हा केंड आहे. त्याच यादीत बोशिया स्ट्रायाटा आहे, झेब्य्रासारख्या पट्ट्यांचा मासा. तो तर आपल्या कृष्णेच्या खोऱ्यातला. केंडाला संवर्धनाच्या जागतिक यादीत 'असुरक्षित' म्हटले आहे. पेटीत त्याची वीण होऊ शकते. नराच्या पोटावर गडद रेघ आणि डोळ्यांमागे सुरकुत्या दिसू लागल्या की तो मादीच्या मागे लागतो आणि शेवाळाच्या गुंत्यात अंडी टाकली जातात. तरी बाजारातले बहुतेक केंड नदीतून धरलेले असतात. जे वाढवायला वेळ लागतो त्यापेक्षा जे जाळ्यात येते ते स्वस्त पडते. गॉस यांच्या किनाऱ्यावर हेच घडले होते, फक्त तेथे हौशी माणूस स्वतः वाकून डबके उपसत होता.

मराठीत मासा 'पाळतात', आणि वेळ, पथ्य, शब्दही 'पाळतात'. केंडाच्या बाबतीत या अर्थांतले अंतर फार उरत नाही. त्याला इतर माशांच्या पंक्तीला बसवता येत नाही. पेटी दाट वनस्पतींची हवी, म्हणजे एकमेकांच्या नजरेआड जाता येते. एक नर आणि दोन-तीन माद्या असल्या तर मारामाऱ्या कमी. पाणी २५-२६ अंशांचे, मंद वाहते आणि वारंवार थोडे थोडे बदललेले. खाद्य जिवंत, नाहीतर गोठवलेले: डासांच्या अळ्या, लाल किडे आणि अर्थातच गोगलगायी.

म्हणून आमच्या खिडकीत आता दुसरी पेटी आहे. खरे तर ती लोणच्याची जुनी बरणी. तिच्यात तळाशी थोडी माती, एक व्हॅलिस्नेरियाचे रोप, आणि ज्यांचा नायनाट करायला आम्ही निघालो होतो त्या गोगलगायी. पंप नाही, गाळणी नाही. कुजलेली पाने त्या खातात, काच त्या साफ ठेवतात, पाणी नितळ आहे. दर दोन दिवसांनी आम्ही चमच्याने पाच-सहा गोगलगायी काढतो आणि पलीकडच्या पेटीत सोडतो. उरलेला केंड चमचा ओळखतो. तो काचेपाशी येतो आणि एक डोळा वर वळवतो.