तानसाकाठची गरम पाण्याची कुंडे : मुक्काम, ऐपत आणि पाण्यावरील हक्क

प्रस्तावना

मुंबईला पाणी पुरविणाऱ्या जुन्या जलस्रोतांत तानसेचे स्थान महत्त्वाचे आहे. या नदीवरील धरणाची योजना १८९२ मध्ये पूर्ण झाली आणि तेथून निघालेल्या जलवाहिन्या मुलुंड, भांडुप, घाटकोपर या भागांतून शहराकडे गेल्या. धरणाच्या खाली हीच नदी भिवंडी तालुक्यातून पश्चिमेकडे वाहत जाते आणि वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी या परिसरात तिच्या पात्रात आणि काठावर गरम पाण्याचे झरे वर येतात. थंड पाणी नळाने शहराकडे येते; गरम पाण्यासाठी मात्र अंधेरी-बोरिवलीच्या किंवा मुलुंड-घाटकोपरच्या रहिवाशाला स्वतः त्या नदीकाठी जावे लागते.

तेथे गेल्यावर तो कोठे उतरतो, किती दिवस राहतो आणि त्यासाठी काय मोजतो, हे प्रश्न इतिहासलेखनात फारसे आलेले नाहीत. मंदिरांविषयी स्थलमाहात्म्ये आहेत, झऱ्यांविषयी भूवैज्ञानिकांचे लेखन आहे. या दोहोंच्या मध्ये जी धर्मशाळेची ओवरी, भक्तनिवासाची खोली किंवा लॉजमधील टब येतो, त्याची नोंद घेण्याचे कारण कोणाला वाटले नाही. वस्तुतः मुक्कामाच्या सोयींचा हा इतिहास म्हणजे गरम पाणी कोणाचे, या प्रश्नाचाच इतिहास आहे. हा प्रश्न जपानने आपल्या ‘ओन्सेन’ गावांतून पुष्कळ आधी आणि पुष्कळ भांडून सोडविला. म्हणून प्रस्तुत निबंधात त्या देशातील व्यवस्थेशी तुलना करून तानसाकाठच्या मुक्कामाचा विचार केला आहे.

झरे आणि त्यांची नावे

कोकणातील उष्ण झऱ्यांची रांग उत्तरेस पालघर जिल्ह्यापासून दक्षिणेस राजापूरपर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटर पसरलेली आहे. सुधागड तालुक्यातील उन्हेरे, दापोली व खेड परिसरातील उन्हवरे, राजापूरजवळील उन्हाळे ही गावांची नावेच झऱ्याची साक्ष देतात. संस्कृत ‘उष्ण’, प्राकृत ‘उण्ह’ आणि मराठी ‘ऊन’ अशी ही शब्दाची वाट आहे. ‘ऊन पाणी’ हा प्रयोग जुन्या घरांत अजूनही ऐकू येतो. महाडजवळचे सव, संगमेश्वर तालुक्यातील तुरळ, राजवाडी आणि आरवली ही याच रांगेतील ठिकाणे होत.

जपानचे बहुतेक प्रसिद्ध झरे ज्वालामुखी प्रदेशातील आहेत. कोकणात जिवंत ज्वालामुखी नाही. येथे पावसाचे पाणी बेसाल्ट खडकातील खोल भेगांतून खाली उतरते, पृथ्वीच्या अंतर्गत उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेवाटे वर येते. अकलोली व गणेशपुरी येथील काही कुंडांत त्याचे तापमान ५० अंश सेल्सिअसच्या पुढे असते. लोक या पाण्याला सर्रास ‘गंधकाचे पाणी’ म्हणतात आणि त्वचारोगांवर ते गुणकारी मानतात; रासायनिक दृष्ट्या मात्र या पट्ट्यातील पाण्यात क्षारांचे, त्यातही क्लोराइडांचे, प्राबल्य आहे. गंधकाची ख्याती त्याच्या प्रमाणापेक्षा मोठी आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

देवीचे पाणी

वज्रेश्वरीच्या आख्यायिकेप्रमाणे देवीने या प्रदेशातील दैत्यांचा संहार केला आणि त्यांचे रक्त म्हणजेच हे ऊन पाणी होय. आख्यायिका ऐतिहासिक पुरावा म्हणून घेता येत नाही. परंतु तिच्यामुळे एक गोष्ट निश्चित होते. पाणी देवीचे ठरले की ते कोणा जमीनमालकाचे उरत नाही.

मंदिराचा ज्ञात इतिहास वसईच्या मोहिमेशी जोडलेला आहे. चिमाजी अप्पांनी वसई घेण्यासाठी देवीला नवस केला आणि मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला खाली केल्यानंतर देवालय बांधले गेले, अशी परंपरा आहे. तटबंदी, उंच पायऱ्या आणि नगारखाना यांमुळे हे देवालय दुरून लहानशा किल्ल्यासारखे दिसते. चैत्र वद्यात येथे मोठी जत्रा भरते व पालखी निघते. जत्रेला येणारा यात्रेकरू बैलगाडीने किंवा पायी येत असे. वसई-विरारपर्यंत रेल्वे आली तरी पुढील वाट जंगलातून व ओढ्यांतून होती, त्यामुळे मुक्काम अटळ होता. तो यात्रेकरू ओवरीत किंवा धर्मशाळेत पथारी टाकी, बरोबरच्या शिध्यावर तीन दगडांच्या चुलीत भात शिजवी आणि पहाटे कुंडावर जाई. तीन दिवसांहून अधिक कोणी राहू नये, हा धर्मशाळांचा सर्वत्र रूढ असलेला दंडक होता. खर्च म्हणजे लाकूडफाटा, देवीची ओटी आणि गुरवाची दक्षिणा. स्नानाला मोल नव्हते.

जपानी सराया : सरपणाचे भाडे

नेमके याच पद्धतीचे निवास जपानमध्येही होते, हे तेथील आजच्या आलिशान ‘र्‍योकान’कडे पाहून सहसा लक्षात येत नाही. एदो काळात प्रवाशांसाठी दोन प्रकारच्या सराया असत. ‘हातागो’ येथे जेवण मिळे. ‘किचिन-यादो’ येथे प्रवासी आपला तांदूळ आपण शिजवी आणि केवळ जळणाचे पैसे देई. ‘किचिन’ या शब्दाचा अर्थच सरपणाचे मोल असा आहे. आजारी शेतकरी पीक निघाल्यावर झऱ्याकाठी जाऊन राहत, त्या उपचाराला ‘तोजी’ म्हणत. सात दिवसांचा एक फेरा आणि पूर्ण उपचारासाठी असे तीन फेरे धरले जात. तांदूळ, मिसो आणि अंथरूण घरून आणावयाचे, स्वयंपाक सामायिक चुलीवर करावयाचा, ही रीत वळकटी व शिधा घेऊन वज्रेश्वरीस जाणाऱ्या कुटुंबाला अपरिचित वाटली नसती.

याच्या दुसऱ्या टोकाला प्राचीन, कुलपरंपरेने चाललेले र्‍योकान आहेत. यामानाशी प्रांतातील केइउन्कान आपली स्थापना इ. स. ७०५ ची सांगते, इशिकावातील होशी ७१८ ची. येथे दर माणशी आकारला जातो आणि त्यात रात्रीचे व सकाळचे भोजन धरलेले असते. मधल्या ऐपतीच्या माणसासाठी घरगुती ‘मिन्शुकू’ आहेत. १९५६ पासून तेथील शासनाने सामान्य कुटुंबांकरिता ‘कोकुमिन शुकुशा’ म्हणजे जनतानिवास ही योजना राबविली. महाराष्ट्रात पर्यटन विकास महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झाले, हे येथे सहज आठवते.

ऐपतीची उतरंड एकाच छपराखाली कशी मांडता येते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे शिकोकू बेटावरील दोगो येथील १८९४ ची स्नानवास्तू. अगदी थोडे पैसे देणारा तळमजल्यावर स्नान करून निघून जातो; अधिक देणाऱ्यास वरच्या दालनात बसावयास जागा व चहा मिळतो; त्याहून अधिक देणाऱ्यास स्वतंत्र खोली. विश्रांतीचा दर्जा बदलतो, परंतु सर्वांत कमी पैसे देणाराही झऱ्याच्याच पाण्यात उतरतो.

हे सहज घडले नाही. ह्योगो प्रांतातील किनोसाकी या गावात सर्व पाहुणे गावाच्या सार्वजनिक स्नानगृहांत जात. सरायांत आंतरिक स्नानगृह नसे. १९२५ च्या भूकंपाने गाव उद्ध्वस्त झाले. पुनर्बांधणीच्या वेळी एका जुन्या सरायीने आपल्या आवारात झऱ्याचे पाणी घेतले आणि गाव तिच्याविरुद्ध उभे राहिले. जमीन माझी तर खालचे पाणीही माझे, हा एक पक्ष. पाणी गावाचे, कारण गाव त्यावर जगते, हा दुसरा. हा वाद न्यायालयांत वर्षानुवर्षे चालला आणि १९५० मध्ये तडजोड झाली. सरायांना लहान आंतरिक स्नानगृहे ठेवण्यास मुभा मिळाली, पण सार्वजनिक स्नानगृहांचे प्राधान्य कायम राहिले. पुढे साध्या सरायीत उतरलेल्या पाहुण्यालाही गावातील ही स्नानगृहे महागड्या सरायीतील पाहुण्याइतकीच मोकळी राहिली.

धर्मशाळा कोणासाठी?

तानसाकाठी पाण्याला मोल नव्हते, एवढ्यावर समाधान मानणे इतिहासाच्या अभ्यासकाला परवडणारे नाही. पैसा आड येत नसला तरी जात आड येत होती. तीर्थाचे कुंड आणि धर्मशाळेची ओवरी ही दोन्ही ठिकाणे अस्पृश्यतेच्या नियमांनी बांधलेली होती. महाराष्ट्रातील इतर तीर्थांहून वज्रेश्वरीचा परिसर निराळा असण्याचे कारण दिसत नाही.

या संदर्भात मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांनी मांडलेला व ऑगस्ट १९२३ मध्ये संमत झालेला ठराव पुन्हा वाचण्यासारखा आहे. तो सामान्यतः पाणवठ्यांचा ठराव म्हणून ओळखला जातो. त्यात सार्वजनिक पैशाने बांधलेल्या व चालविलेल्या पाणवठ्यांच्या व विहिरींच्या जोडीने धर्मशाळांचाही स्पष्ट उल्लेख आहे. पाणी आणि मुक्काम हे दोन हक्क एकमेकांपासून तोडता येत नाहीत, हे ठराव करणाऱ्यांना समजले होते. प्रवासात ज्याला रात्री टेकावयास जागा नाही, त्याला पहाटेचे कुंड खुले असून काय उपयोग? या ठरावाच्या अंमलबजावणीच्या मागणीतूनच मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच महाड तालुक्यात सवचे उष्ण झरेही आहेत. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने हॉटेले, तळी आणि स्नानाचे घाट एकाच वाक्यसमूहात आणले आणि १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्याने धर्मशाळा व सराया यांतील भेदभाव दंडनीय ठरविला. झऱ्याच्या पाण्यावर सर्वांचा समान हक्क आहे हे विधान या अर्थाने जेमतेम सत्तर वर्षांचे आहे.

गणेशपुरी : आश्रमातील मुक्काम

वज्रेश्वरीहून जवळच असलेल्या गणेशपुरीचा इतिहास थोडा वेगळा आहे. येथील भीमेश्वराच्या देवळाजवळ दक्षिणेतून आलेले स्वामी नित्यानंद १९३६ च्या सुमारास स्थिरावले. त्यांच्या वास्तव्याने जंगलातील कुंडांना वस्ती लाभली. पहाटेचे कुंडस्नान, त्यानंतर दर्शन, असा भक्तांचा क्रम ठरून गेला. ८ ऑगस्ट १९६१ रोजी त्यांनी देह ठेवला व त्यांची समाधी हे यात्रेचे केंद्र झाले. त्यांचे शिष्य स्वामी मुक्तानंद यांनी १९५६ मध्ये स्थापिलेल्या आश्रमात सत्तरच्या दशकात परदेशी साधक मोठ्या संख्येने येऊन दीर्घकाळ राहू लागले. आठवड्यांचा मुक्काम, ठरावीक दिनक्रम, साधे भोजन ही ‘तोजी’शी मिळतीजुळती जीवनपद्धती जर कोठे टिकली असेल, तर ती धर्मशाळेत नव्हे, आश्रमात. तेथे प्रवेशाची अट ऐपत नसून शिस्त होती.

उपनगर जवळ आले

मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ मध्ये आणि विरारपर्यंतची गाडी १८६७ मध्ये सुरू झाली; परंतु उपनगरे खऱ्या अर्थाने दाट झाली ती नंतर. अंधेरी व घाटकोपर १९५० मध्ये, बोरिवली व मुलुंड त्यानंतरच्या विस्तारात, १९५७ मध्ये, बृहन्मुंबईत आले. एस. टी. वाहतूक १९४८ पासून सुरू झाली होती. कालांतराने बोरिवलीच्या माणसाला घोडबंदर व अहमदाबाद महामार्गावरील शिरसाड फाट्यावरून, तर मुलुंड-घाटकोपरच्या माणसाला ठाणे-भिवंडी-अंबाडी मार्गे वज्रेश्वरीस पोहोचणे काही तासांचे काम झाले.

याचा परिणाम विचित्र झाला. अंतर कमी झाले तसा मुक्काम अनावश्यक झाला. ज्याची ऐपत कमी तो सकाळी निघून, कुंडात पाय सोडून, देवीचे दर्शन घेऊन संध्याकाळी परत घरी येऊ लागला. त्याच्यासाठी बांधलेल्या धर्मशाळांचे प्रयोजन संपत आले. मुक्काम उरला तो हौसेचा. त्यामुळे लॉज आणि रिसॉर्ट आले. यांपैकी काही निवासांत झऱ्याचे ऊन पाणी खोलीतील टबापर्यंत आणले जाते आणि भाडे त्या टबावर ठरते. जपानमध्येही १९६४ च्या शिन्कान्सेनने आतामीसारखे झऱ्याचे गाव टोकियोच्या अगदी जवळ आणले, मोठाली हॉटेले उभी राहिली. तेथे मात्र १९४८ च्या ओन्सेन कायद्याने झऱ्याची व्याख्या केली, २५ अंश तापमान किंवा ठरावीक खनिजांचे प्रमाण ही कसोटी घातली, आणि झऱ्यासाठी भूमी खोदण्यास प्रांताच्या राज्यपालांची परवानगी आवश्यक केली. स्नान करणाऱ्यावर दरडोई अल्प कर बसतो, सर्वसाधारणपणे १५० येन, आणि तो स्थानिक संस्थेकडे जातो.

तानसाकाठी खोलीतला टब आणि देवीचे कुंड यांना पाणी पुरविणारी खडकातील भेग एकच असू शकते. कायद्याला ती दिसत नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याने, जो मुंबई प्रांताला १८९१ मध्ये लागू झाला, निश्चित प्रवाहात नसलेले भूजल आपल्या हद्दीत गोळा करण्याचा व वापरण्याचा हक्क जमीनमालकाला दिला आहे. किनोसाकीच्या त्या सरायीचा युक्तिवादही हाच होता. तेथे त्याला गावाने वर्षानुवर्षे उत्तर दिले. येथे कुंडावर येणारा माणूस संध्याकाळच्या एस. टी.ने उपनगरात परततो. पाण्याची पातळी उतरली किंवा कुंड निवले, तर ते ध्यानात येणार ते प्रथम तेथल्या गुरवाच्या आणि काठावर कपडे धुणाऱ्या बायकांच्या.